मारेशाच्या दफनगुहा : पुसून गेलेली चित्रे पुन्हा रंगवावीत का?

गौतमी
जेरुसलेमहून नैर्ऋत्येला, किनाऱ्याकडे उतरताना मध्ये ठेंगण्या टेकड्यांचा जो पट्टा लागतो, त्यात किर्यात गात शहराच्या पूर्वेला मारेशा नावाची सपाट माथ्याची टेकडी आहे. बायबलमध्ये रहबाम राजाने तटबंदी केलेल्या नगरांत हिचे नाव येते. इ.स.पूर्व ५८६ मध्ये यहुदा राज्य बुडाल्यावर दक्षिणेकडचे इदूमी लोक येथे वसले, पुढे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरील सिडोनचे फिनिशियन आणि ग्रीकही आले. माथ्यावर तटबंदीचे छोटे नगर, उतारावर त्याहून कितीतरी मोठे खालचे नगर, आणि वस्तीच्या बाहेर तिला वेढून असलेल्या मृतांच्या गुहा, अशी एकूण रचना आहे. शेजारच्या बेत गुव्रीनसह ही जागा २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली.

या दफनगुहांपैकी सर्वांत प्रसिद्ध गुहा १९०२ मध्ये उजेडात आली. जॉन पीटर्स आणि हर्मान थीर्श या दोन अभ्यासकांनी तिची नोंद केली, जेरुसलेममधील छायाचित्रकार खलील राद यांच्याकडून छायाचित्रे घेतली आणि १९०५ मध्ये रंगीत चित्रफलकांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. मधल्या दालनाच्या दोन्ही भिंतींत त्रिकोणी माथ्याचे खोल खण कोरलेले असून त्यांच्या वरून प्राण्यांचा लांबलचक पट्टा गेला आहे: घोड्यावरचा शिकारी, त्याच्यापुढे बिबट्या, मग सिंह, जिराफ, गेंडा, हत्ती, मगर, पाणघोडा, आणि बहुतेकांच्या डोक्यावर ग्रीक अक्षरांत त्यांची नावे. दाराशी तीन डोक्यांचा कुत्रा आणि एक कोंबडा पहाऱ्याला आहेत.

अडचण अशी की ही मूळ चित्रे नंतरच्या काळात जवळजवळ नाहीशी झाली. १९९० च्या दशकात १९०५ च्या ग्रंथाच्या आधारे ती त्याच गुहेत पुन्हा साकारण्यात आली. म्हणजे आज तेथे जाणारा माणूस बावीसशे वर्षांपूर्वीच्या गुहेत उभा राहून तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा रंग पाहत असतो. माझे मत असे आहे की हे करायला नको होते. भिंती जशा राहिल्या तशा ठेवून चित्रांच्या प्रतिकृती शेजारच्या एखाद्या दालनात मांडता आल्या असत्या. इतरांना काय वाटते?

सह्यवेडा
गौतमीताईंशी पूर्ण सहमत आहे, आणि त्याचे कारण अजिंठा आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना तेथे आणले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचे मोठे काम मानलेच पाहिजे. परंतु चित्रांवर लाखेचे जे लेप दिले गेले ते कालांतराने पिवळे पडले, आणि पुढच्या पिढ्यांना ते उतरवत बसावे लागले. हेतू चांगला, माणसे जाणकार, तरीही परिणाम असा. जुन्या भिंतीवर आपला हात जितका कमी लागेल तितके बरे, एवढेच मी त्यातून शिकलो.

टवाळ
त्या गुहेचा मालक अपोलोफानेस हा तेथील सिडोनी लोकांचा तेहतीस वर्षे प्रमुख होता, असे त्याच्या लेखात कोरले आहे म्हणतात. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना हे कृपया कोणी सांगू नये.

अश्दोदकर
मी इस्राएलमध्येच राहतो आणि घरी पाहुणे आले की त्यांना मारेशाला नेण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते. गौतमीताई, आपला मुद्दा तात्त्विक दृष्ट्या बिनतोड आहे, पण त्या गुहेत रंग नसता तर काय दिसले असते याचा विचार करावा. मऊ पांढऱ्या खडकात कोरलेले रिकामे खण, एवढेच. परिसरात अशा गुहा शेकड्यांनी आहेत. इतर गुहांत दोन मिनिटे न थांबणारी मुले या एका गुहेत गेंडा शोधत बसतात, आणि मोठी माणसे पहिल्यांदाच विचारतात की मृतांच्या घरात गेंडा कशाला. हा प्रश्न पडण्यासाठी चित्र समोर असावे लागते. शेजारच्या दालनातल्या फलकावर पाहून तो पडत नाही, कारण तेथे चित्र आणि खण यांचा संबंध तुटतो.

हे खण कसे वापरत तेही लिहितो. मृतदेह खणात पाय किंवा डोके आत करून सरळ सरकवत आणि तोंडाशी शिळा लावून ते बंद करत. काही वर्षांनी अस्थी गोळा करून एका बाजूला ठेवत, म्हणजे तोच खण पुढच्या मृतासाठी मोकळा होई. एकच गुहा एका कुटुंबाला अनेक पिढ्या पुरे.

नाणेवाचक
अश्दोदकरांनी कुटुंबाचा विषय काढला म्हणून थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या गुहेतील खरा ऐवज चित्रे नसून नावे आहेत, आणि चर्चेत ती मागे पडत आहेत.

अपोलोफानेसच्या लेखात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: तो मारेशातील सिडोनी लोकांचा तेहतीस वर्षे प्रमुख होता, आपल्या काळातील सर्वांत सज्जन आणि आप्तवत्सल पुरुष म्हणून त्याची ख्याती होती, आणि चौऱ्याहत्तर वर्षे जगून तो वारला. त्याचे स्वतःचे नाव शुद्ध ग्रीक आहे, त्यात अपोलो देव आहे. वडिलांचे नाव मात्र सेस्मायोस, म्हणजे फिनिशियन. त्याच समूहातील इतर लेखांत कोस या इदूमी देवाच्या नावावरून घडलेली नावे येतात. लेखाची भाषा ग्रीक, घराणे सिडोनचे, सोयरिकी इदूम्यांत, चित्रांची ऐट अलेक्झांड्रियाची. नगरात अरामी भाषाही भरपूर चालत असे. तेथे खापरांवर शाईने लिहिलेले शेकडो अरामी लेख सापडले आहेत, आणि त्यांत इ.स.पूर्व १७६ मधला एक विवाहकरारही आहे.

इजिप्तच्या टॉलेमी राजवटीच्या अर्थमंत्र्याचा कारभारी झेनोन हा इ.स.पूर्व २५९ मध्ये या भागात फिरला. त्याच्या पपायरसांवरील कागदपत्रांत मारेशाचे नाव येते, आणि ते गुलामांच्या खरेदीच्या संदर्भात येते, हे विसरू नये. चित्रांतला बाजा वाजवणारा आणि शिकार करणारा श्रीमंत वर्ग ज्या नगरात राहत होता, त्याच नगरात माणसांचाही बाजार होता.

प्राण्यांबद्दल सर्वसाधारण समजूत अशी आहे की टॉलेमी राजांना आफ्रिकेतील दुर्मीळ प्राणी पकडून आणण्याचा आणि अलेक्झांड्रियात त्यांची मिरवणूक काढण्याचा षोक होता, आणि त्या प्राण्यांची सचित्र वर्णनेही फिरत होती. मारेशाच्या चित्रकाराने बहुधा असे काहीतरी समोर ठेवले असावे. त्याच रांगेत माणसाच्या तोंडाचा सिंहही आहे, तेव्हा सगळेच प्राणी त्याने डोळ्यांनी पाहिले नव्हते हे उघड आहे.

विदर्भवासी
हत्ती आपल्याकडचा आहे की आफ्रिकेचा?

नाणेवाचक
प्राण्यांचा संच पाहता आफ्रिकेचाच म्हणावा लागेल. पण प्रश्न मजेशीर आहे, कारण भारतीय हत्ती या भागात खरोखर आले होते. इ.स.पूर्व २१७ मध्ये गाझाच्या दक्षिणेला राफिया येथे इजिप्तचा चौथा टॉलेमी आणि सिरियाकडचा सेल्यूसिड राजा तिसरा अँटायोकस यांची लढाई झाली. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या म्हणण्याप्रमाणे टॉलेमीकडे ७३ आफ्रिकी हत्ती होते आणि अँटायोकसकडे १०२ भारतीय. आफ्रिकी हत्ती आपल्या हत्तींचा वास आणि आवाज सहन न होऊन मागे फिरले, असे तो लिहितो. लढाई मात्र टॉलेमीने जिंकली. मारेशातून हे रणांगण फार दूर नाही.

विदर्भवासी
म्हणजे आपले हत्ती जिंकले आणि त्यांचा मालक हरला. धन्यवाद, आता धागा पुढे चालू द्या.

रसायनी
मी दगड आणि गिलाव्याच्या संवर्धनाचे काम करते, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळते.

मारेशाचा खडक खडूसारखा मऊ चुनखडक आहे. त्याच्या वर नारी नावाचा कठीण थर असतो. माणसे हा वरचा थर भोक पाडून फोडत आणि खाली हव्या त्या आकाराची पोकळी कोरत. बेत गुव्रीनच्या बाजूच्या घंटेच्या आकाराच्या प्रचंड गुहा अशाच तयार झाल्या. त्या फार नंतरच्या, मुख्यतः आरंभीच्या इस्लामी काळातील खाणी आहेत आणि त्यांची संख्या आठशेच्या घरात आहे. कोरायला सोपा असलेला हा दगड रंग धरून ठेवायला मात्र वाईट. तो ओल शोषतो आणि सोडतो, आणि प्रत्येक वेळी पृष्ठभागाची थोडी पूड होते. गुहा शतकानुशतके बंद असते तेव्हा आतली हवा आणि आर्द्रता यांचा एक तोल बसलेला असतो. दार उघडले, मशाली आल्या, माणसांचा श्वास आला, की तो तोल मोडतो. फ्रान्समधील लास्को गुहा १९४० मध्ये सापडली आणि लोकांच्या वर्दळीमुळे १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. तेथे लोकांसाठी १९८३ मध्ये जवळच वेगळी प्रतिकृती उभारली गेली. गौतमीताई म्हणतात तो मार्ग हाच.

परंतु लास्कोत मूळ चित्रे जिवंत होती आणि त्यांना वाचवायचे होते. मारेशात वाचवण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. सह्यवेडा यांचे अजिंठ्याचे उदाहरण म्हणूनच येथे पुरते लागू पडत नाही: तेथे लेप जिवंत चित्रावर बसला होता.

सह्यवेडा
फरक मान्य आहे, पण "फारसे उरले नव्हते" हे कोण ठरवणार? आज डोळ्यांना न दिसणारे रंगाचे अंश उद्याच्या उपकरणांना दिसतात. अजिंठ्याच्या काळवंडलेल्या भागांतही अलीकडे पुष्कळ काही वाचता येऊ लागले आहे. नव्या रंगाखाली किंवा नव्या थरामागे जे गेले, ते अभ्यासासाठी अवघड झाले हे तर खरे ना?

गौतमी
सह्यवेडा यांनी माझ्याच मनातले लिहिले. त्यात एक गोष्ट जोडते. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत संवर्धनाची तत्त्वे मांडली आहेत, आणि त्यांत एक साधा नियम आहे की जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. शिवाय नव्याने घातलेला भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, पण जवळून पाहणाऱ्याला वेगळा ओळखू यावा. मारेशाच्या चित्रांचा आधार १९०५ चे फलक. १९०२ मधली छायाचित्रे अर्थातच कृष्णधवल होती. रंग आले ते पाहणाऱ्यांच्या नोंदींतून आणि चित्रकाराच्या हातातून. भिंत ते छायाचित्र, छायाचित्र ते फलक, फलक ते पुन्हा भिंत. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी थोडा तर्क केलेला असणारच.

मुक्ताई
ग्रंथच खोटा ठरवायला निघालात की काय? त्या दोघांनी घाईघाईने का होईना नोंद केली म्हणून आज भांडायला काही तरी आहे. अजिंठ्याचे उलटे झाले. रॉबर्ट गिल या चित्रकाराने वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, आणि ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. आपल्याकडे मूळ राहिले आणि प्रती गेल्या. मारेशात मूळ गेले आणि प्रत राहिली. प्रत राहिली असेल तर ती तिच्या मूळ जागी लावण्यात मला काही गैर दिसत नाही.

जुना_सभासद
चित्रांचे नुकसान कसे झाले याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की सापडल्यावर लगेच गावकऱ्यांनी चेहरे खरवडले. तसे घडले होतेही. परंतु तेवढ्यावरच थांबणे अन्यायाचे होईल. गुहा प्रथम फोडणारे थडगेचोर होते, आणि नंतर अनेक दशके येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही तिची आबाळ केली. शिवाय बेत जिब्रीन हे अरब गाव, ज्याच्या शिवारात या गुहा होत्या, १९४८ च्या युद्धात रिकामे झाले, आणि दुसऱ्या वर्षी तेथे किबुत्झ, म्हणजे ज्यूंची सामूहिक शेतीची वसाहत, वसले. या टेकड्यांची खडान्‌खडा माहिती असणारी माणसेच तेथून गेली. कोणत्या गुहेत कोण गुरे बांधत होते आणि कोठे धान्य साठवत होते, ही माहिती कोणत्याही उत्खननात सापडत नाही.

कोकणकन्या
मी जरा बाजूचे विचारते. आपल्याकडे डोंगरात एवढी लेणी कोरली गेली, पण मृतांसाठी गुहा कोरल्याचे दिसत नाही. याचे कारण दहनाची रीत, एवढेच का?

सह्यवेडा
बव्हंशी तेच, पण अपवाद महत्त्वाचे आहेत. भाज्याला लेण्याच्या एका टोकाला चौदा स्तूपांचा समूह आहे, पाच आत आणि नऊ बाहेर. त्यांतील काहींवर स्थविरांची नावे आहेत. कान्हेरीच्या ८७ क्रमांकाच्या लेण्याच्या लांबलचक कपारीत विटांच्या स्मारकस्तूपांची रांगच होती, आणि तेथील शिलालेखांत भिक्खूंची नावे त्यांच्या आध्यात्मिक पदव्यांसह येतात. शोभना गोखले यांनी त्यांवर काम केले आहे. पण हे स्मरणाचे आणि धातूंचे, म्हणजे अस्थिशेषांचे स्थान आहे. देह ठेवण्याचे नाही.

देहाच्या बाबतीत आपण त्याहून मागे गेलो तर इनामगावला घराच्या जमिनीखालीच पुरत असत, लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत, आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून. खडकात कोरलेली खरी दफनदालने पाहायची असतील तर केरळात जावे. त्रिशूर जिल्ह्यात चोवन्नूर आणि कट्टकांबाल येथे जांभ्या दगडात वरून खाली उतरून शिरायची अशी महापाषाणकालीन दालने आहेत. जांभाही कोरायला सोपा आणि हवा लागल्यावर घट्ट होणारा. मारेशासारखेच, दगडाने माणसाला वाट दाखवली आहे.

विदर्भवासी
जुनापाणी आणि माहुरझरी विसरू नका. आमच्याकडे गुहा नाहीत पण शिळावर्तुळे आहेत, आणि घोडाही मालकाबरोबर पुरलेला सापडतो.

अश्दोदकर
कोकणकन्याताई, आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाची परंपरा सांगतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी आमच्या पूर्वजांचे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना तेथेच मोठ्या उंचवट्यांखाली पुरले, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पुढे दहनाच्या गावांत राहूनही आमचे पूर्वज दफनच करत राहिले. मी मारेशाला गेलो की मला तेथील सिडोनी लोक फार ओळखीचे वाटतात: परक्या मुलखात येऊन तेथली भाषा आणि नावे घेतली, पण मृतांची सोय आपल्या लोकांबरोबरच केली.

आईला मी ती गुहा दाखवली तेव्हा तिने चित्रांकडे पाहून एवढेच म्हटले की कोंबडा छान काढला आहे. तो खरा की नवा, हे तिने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. गौतमीताईंना ते आवडणार नाही याची मला कल्पना आहे.

गौतमी
अश्दोदकर, आपण सांगितले नाही हाच तर माझा मुद्दा आहे!

टवाळ
कोंबडा पहाऱ्याला होता की जेवणाला, हे अपोलोफानेसला विचारायला हवे.

नाणेवाचक
कोंबडा बहुधा पिशाच्चे पळवण्यासाठी, कारण तो पहाटेची वर्दी देतो. आणि कुत्रा म्हणजे ग्रीकांच्या पाताळाचा राखणदार. टवाळ यांनी विचारले म्हणून नव्हे, पण त्या दालनातील आणखी एक मजकूर येथे नोंदवण्यासारखा आहे. दालनात एका प्रेमी जोडप्याचा संवाद ग्रीकमध्ये खरडलेला सापडला. तिचे म्हणणे साधारण असे की आता तुझ्यासाठी मला आणखी काही करता येत नाही, मी दुसऱ्याजवळ असते पण प्रेम तुझ्यावरच आहे. पुढे तुझा अंगरखा माझ्याकडे गहाण आहे याचा मला आनंद वाटतो, अशा अर्थाच्या ओळी आहेत. हे शोकगीत की चोरून भेटणाऱ्यांचा निरोप, यावर अभ्यासकांत बरेच वाद झाले. कुणाच्या तरी आजोबांच्या थडग्यात कोणीतरी भेटत होते, एवढे मात्र दिसते.

मुक्ताई
आणि आपण त्यांच्या चित्राला हात लावावा की नाही यावर वाद घालतो आहोत, तेव्हा त्यांनी स्वतः भिंत खरडून ठेवली होती.

परुळेकर
मला या धाग्यात एक गोष्ट खटकते. मारेशा म्हटले की सगळे दफनगुहांवर तुटून पडतात. खालच्या नगरात प्रत्येक घराच्या पोटात गुहा आहेत, आणि त्या मृतांच्या नसून जिवंतांच्या आहेत. घर बांधायला लागणारा दगड घराखालूनच काढला, आणि जी पोकळी झाली तिचे पाण्याचे टाके, कोठार किंवा कारखाना केला. टाक्यांत उतरायला कठड्यासकट कोरलेले जिने आहेत. आपल्या किल्ल्यांवरची टाकी पाहणाऱ्याला हे चटकन कळेल, फरक इतकाच की ही टाकी आकाशाला उघडी नसून घराच्या खाली आहेत. ऑलिव्हचे बावीस भूमिगत घाणे आतापर्यंत सापडले आहेत. भिंतीत ठोकळ्यासारखे लहान कोनाडे रांगांनी कोरलेल्या गुहाही पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या गुहेत सुमारे दोन हजार कोनाडे आहेत. कोणे एके काळी काही अभ्यासकांनी हे कोनाडे रक्षापात्रांसाठी आहेत असे मानले. आता त्या कबुतरांच्या गुहा होत्या यावर बहुतेकांचे एकमत आहे: मांस, शेतीला खत आणि देवाला बळी, असे तिन्ही उपयोग.

म्हणून माझे मत असे की रंगवायचेच होते तर एक घाणा चालू करून दाखवायला हवा होता.

रसायनी
परुळेकरांची शेवटची सूचना मला फार आवडली, आणि घाणे काही प्रमाणात पुन्हा उभे करून दाखवलेही आहेत. लक्षात घ्या, तेथे कोणी आक्षेप घेत नाही. लाकडी तुळई नवी आहे, दगडी वजने जुनी आहेत, आणि पाहणाऱ्याला ते सहज कळते. चित्राच्या बाबतीत मात्र आपण अस्वस्थ होतो, कारण तेथे जुने आणि नवे यांच्यातली शिवण दिसत नाही. म्हणजे आपला आक्षेप पुनर्रचनेला नसून तिच्या लपण्याला आहे.

सह्यवेडा
हे बरोबर मांडले आहे. मी त्याच धाग्याने एक उलट उदाहरण देतो. मारेशात सेल्यूसिड राजा चौथा सेल्यूकस याने आपला मंत्री हेलिओडोरस याला लिहिलेल्या पत्राचा शिलालेख मिळाला, इ.स.पूर्व १७८ चा. त्याचा मोठा तुकडा बाजारात आला होता, एका संग्राहकाने तो विकत घेतला आणि इस्राएल संग्रहालयाला उसना दिला. तो कोठून निघाला याचा पत्ता नव्हता. दुसरीकडे मारेशाच्या एका गुहेत, जेथे सामान्य लोकांना एक दिवस खोदकाम करू देतात, तीन लहान तुकडे सापडले होते. २००९ मध्ये डोव्ह गेरा यांनी ते तुकडे त्या मोठ्या शिळेच्या खालच्या भागाचे आहेत हे दाखवून दिले. तेव्हा कळले की शिळा मारेशाची. ते तुकडे कोणी "निरुपयोगी" म्हणून टाकून दिले असते, तर ही साखळी कायमची तुटली असती. भिंतीवरच्या रंगाच्या पुसट खुणांबद्दलही मला हेच म्हणायचे आहे.

कोकणकन्या
हेलिओडोरस म्हणजे मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात जेरुसलेमच्या मंदिराचा खजिना न्यायला जातो आणि मार खाऊन परततो तोच ना?

सह्यवेडा
होय, तोच. शिळेवर मात्र मार खाल्ल्याची नोंद नाही. त्या भागातील मंदिरांच्या देखरेखीसाठी एका अधिकाऱ्याची नेमणूक केल्याचे तेवढे सरकारी भाषेत लिहिले आहे.

जुना_सभासद
मारेशाच्या अखेरीबद्दल कोणी लिहिले नाही, ते दोन ओळींत लिहितो. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमच्या हस्मोनी या ज्यू घराण्यातील शासक योहान हिर्कानस याने ती जिंकली, आणि इदूम्यांपुढे यहुदी रीती स्वीकारा किंवा देश सोडा असा पर्याय ठेवला, असे प्राचीन ज्यू इतिहासकार योसेफस लिहितो. इ.स.पूर्व ४० मध्ये पार्थियनांनी उरलेले नगर उद्ध्वस्त केले, आणि वस्ती बेत गुव्रीनला सरकली, जे पुढे रोमनांच्या काळात मोठे शहर झाले. टेकडीचा माथा ब्लिस आणि मॅकॅलिस्टर यांनी १९०० मध्ये खणला, नकाशा काढला आणि परत मातीने बुजवून टाकला. गौतमीताईंना हे दोघे आवडावेत.

गौतमी
आवडलेच! मात्र रसायनीताईंच्या "लपण्याला" या शब्दाने माझे मत थोडे हलले आहे, ते लिहिते. मूळ गुहेत पुनर्रचना नकोच, हे माझे म्हणणे मी आता तसे ताणून धरणार नाही. पण एकच भिंत रंगवून समोरची भिंत उरली तशी ठेवली असती, तर मुलांना गेंडाही मिळाला असता आणि सह्यवेडा यांना त्यांच्या खुणाही मिळाल्या असत्या. दोन्ही बाजूंचा प्राण्यांचा पट्टा पुरा करण्याचा मोह का आवरला नाही, हे मला अजून पटत नाही.

मुक्ताई
अर्धी शिकार पाहून मुले विचारतील की बिबट्या कोठे गेला. मी पूर्ण पट्ट्याच्या बाजूनेच आहे.

रसायनी
मी गौतमीताईंच्या नव्या मताच्या बाजूने, एका अटीवर: उघड्या ठेवलेल्या भिंतीसमोर काच आणि मंद प्रकाश हवा, नाहीतर तीही दहा वर्षांत पांढरी होईल.

अश्दोदकर
कोणी येणार असेल तर एक व्यावहारिक सूचना. उद्यान विस्तीर्ण आहे आणि दफनगुहा टेकडीपासून थोड्या अंतरावर आहेत, त्यामुळे गाडी थांबवत थांबवत जाणे सोयीचे पडते. माथ्यावर सावली नाही. सकाळी आधी माथा पाहावा आणि ऊन चढल्यावर गुहांत उतरावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडी हिरवी असते आणि लाल रानफुले फुलतात, तो काळ सर्वांत चांगला. गौतमीताई आल्या तर मी गुहेत शिरण्याआधीच सर्वांना सांगेन की चित्रे नवी आहेत, आणि मग पाहू, गेंड्यापुढे किती जण थांबतात.